मुहूर्ताचा ठोका

डोंबिवलीत नाक मुरडणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. पण त्र्यंबक मोघ्यांनी त्या कामाला जी शिस्त लावली होती ती दुसऱ्या कुणाला साधली नाही. समोरचा माणूस दोन वाक्यं बोलला की हा कुठल्या प्रकारचा गाँग, म्हणजे टांगून सोट्याने ठोकायची धातूची चकती, हे ते मनातल्या मनात ठरवून टाकत. बहुतेक लोक सपाट निघत. सपाट गाँगच्या मधोमध उंचवटा नसतो, म्हणून त्याला स्वतःचा असा सूर नसतो. ठोकला की नुसता गडगडाट आणि मागे बराच वेळ चालणारी सळसळ. सोसायटीचे सेक्रेटरी सपाट, वाचनालयाचे अध्यक्ष सपाट, दोन्ही साडू सपाट. उंचवट्याचा गाँग मात्र वेगळा. तो एकच सूर देतो, स्वच्छ आणि नेमका. तशा प्रकारचा माणूस त्र्यंबकरावांना आयुष्यात एकच भेटला होता, आणि त्याची दाढी ते रोज सकाळी आरशासमोर उभे राहून करत.

हे खूळ डोक्यात शिरलं ते नोकरीत असताना. मोघे मरीन इन्शुरन्सच्या कचेरीत होते. बोटीत भिजलेल्या मालाचे दावे तपासायचे आणि होता होईल तो नाकारायचे, हे त्यांचं काम. स्वभावाला इतकी जुळणारी नोकरी क्वचितच कुणाला मिळते. एकदा ते कामानिमित्त दारूखान्याला गेले होते, जिथे मोडीत निघालेल्या जहाजांचं सामान विकायला येतं. तिथे साखळदंडांच्या ढिगावर एक काळी पडलेली धातूची चकती पडली होती. मोठ्या जहाजाने धुक्यात नांगर टाकला की पुढच्या टोकाला घंटा आणि मागच्या टोकाला गाँग वाजवायचा, असा समुद्रावरचा नियम आहे. ही चकती म्हणजे कुठल्याशा जहाजाचा तो मागचा गाँग. मोघ्यांनी छत्रीच्या मुठीने तिला सहज ठोकलं, आणि जो आवाज निघाला त्याने त्यांच्या अंगावर काटा आला. भोवताली हातोडे चालू होते, ते त्यांना ऐकू येईनासे झाले. माणूस कितीही कोता असो, अंगावर आलेला काटा खोटा नसतो, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. पुढे त्या काट्याचं त्यांनी काय केलं, ती गोष्ट वेगळी.

घरात गाँग वाढत गेले आणि येणारीजाणारी माणसं कमी होत गेली. चिनी नाटकातली एक जोडी आली. तिच्यातल्या मोठीवर ठोका मारला की सूर खाली घसरतो आणि धाकटीवर मारला की वर चढतो. नाटकात रुबाबदार पात्र आलं की मोठी वाजते, बायका आणि विदूषक आले की धाकटी. मग जावा बेटावरचा एक आला, खोल कडांचा, मध्ये उंचवटा असलेला. तिकडच्या वाद्यमेळात असा मोठा गाँग आवर्तन पुरं होताना एकदाच वाजतो, आपली सम असते तसा. कल्याणच्या भांडीबाजारातून काशाचा तास आला, देवळात आरतीला लाकडी दांडीने ठोकतात तो, कडक आणि खणखणीत. आणि शेवटी बैठकीची अख्खी भिंत अडवणारा विलायती वाद्यवृंदातला गाँग आला, कवेत न मावणारा. हा सपाट होता. सपाट माणसांचा तिटकारा असलेल्या मोघ्यांचा जीव नेमका या सपाट गाँगवर जडला. कुणी हे बोलून दाखवलं असतं तर त्यांनी त्याचंही काहीतरी कारण दिलं असतं, पण त्यांना बोलून दाखवण्याइतकं जवळ कुणी उरलंच नव्हतं.

या मोठ्या गाँगची एक खोड होती. तो थंड असताना एकदम ठोकला तर पत्रा आपटल्यासारखा ओरडतो. त्याला आधी जागं करावं लागतं. कापड गुंडाळलेल्या सोट्याने कडेकडेला अगदी हलके स्पर्श करत राहायचं, ऐकू येईल न येईल इतके, म्हणजे धातू आतून हलायला लागतो. मग खरा ठोका. तो लगेच बोलत नाही. क्षणभराने फुगत जातो आणि खोली भरून टाकतो.

हे सगळं त्यांनी एकदा ज्येष्ठ नागरिक संघात सप्रयोग समजावून सांगितलं होतं. मोघे हलके हलके गाँग जागा करत होते, तेवढ्यात चहा आला आणि मंडळी कपांकडे वळली. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं की हे नुसतं पुसताय की वाजवणारही आहात. मोघ्यांनी सोटा खाली ठेवला, गाँग गुंडाळला आणि रिक्षा केली. गाढवापुढे वाचली गीता, असं ते घरी येऊन म्हणाले, आणि त्या दिवसापासून कुणालाही काही समजावून सांगायचं नाही असा नेमच केला. लोकांना समजत नाही यात त्यांना दुःख कमी आणि समाधान जास्त वाटे.

टाळेबंदीच्या तोंडावर सगळी इमारत गॅलरीत येऊन थाळ्या बडवत होती, तेव्हा मोघ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. सोसायटीच्या गणपतीला विजेचं आरतीयंत्र आलं, बटण दाबलं की ढोल, घंटा आणि तास एकदम बडवणारं, तेव्हापासून ते आरतीला उतरेनासे झाले. त्यांच्या पत्नी हेमाबाई मात्र उतरत. यंत्राच्या वेगाबरोबर टाळ्या वाजवताना सगळ्यांची त्रेधा उडते आणि हसायला येतं, असं त्या वर येऊन सांगत. मोघे ऐकून न ऐकल्यासारखं करत.

त्यांची एकुलती एक मुलगी श्रिया. ती कल्याणच्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. तिच्याशी मोघे प्रेमाने वागत, म्हणजे तिच्या चुका सावकाश सांगत. तिने रतन भोईरशी लग्न ठरवल्याचं घरी सांगितलं तेव्हा मोघ्यांनी मुलाचं शिक्षण विचारलं, ते बरं होतं. नोकरी विचारली, तीही बरी होती. मग वडील काय करतात ते विचारलं. श्रिया म्हणाली की त्यांची विठ्ठलवाडीला बेंजो पार्टी आहे.

आता ज्याने कल्याणपट्ट्यातली हळद पाहिली आहे त्याला बेंजो पार्टी म्हणजे काय ते सांगायला नको. ज्याने पाहिली नाही त्याने एवढंच समजावं की एका गाडीवर माणसाच्या उंचीचे स्पीकर चढवतात, त्यापुढे बेंजो, कीबोर्ड आणि ढोलकी घेऊन पोरं उभी राहतात, आणि मग तीन गल्ल्यांपलीकडच्या घरातली भांडी फळीवर नाचू लागतात. मोघ्यांच्या लेखी हा आवाज सपाट या प्रकारातही बसत नव्हता. त्यासाठी त्यांच्याकडे प्रकारच नव्हता. जातपात आपण मानत नाही, हे त्यांनी त्या संध्याकाळी हेमाबाईंना बऱ्याचदा सांगितलं. आपला आक्षेप केवळ आवाजाला आहे, असं ते म्हणाले. हेमाबाईंनी भाजी निवडता निवडता मान डोलावली. नवऱ्याचा आक्षेप नेमका कशाला असतो हे त्यांना लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत कळलं होतं.

रतनचे वडील दगडू भोईर रीतीप्रमाणे घरी आले. धिप्पाड, मोकळा माणूस. भिंतीवरचा गाँग बघून ते खुर्चीत बसायचंच विसरले, आणि ऐकवता का म्हणाले. मोघ्यांनी, तो दाखवायची वस्तू नाही, असं उत्तर दिलं. दगडू काही मनाला लावून न घेता बसले आणि पोहे खाल्ले. बोलणी सुरळीत झाली, कारण बोलल्या त्या हेमाबाई. शेवटी मोघ्यांनी आपली एक अट सांगितली. पूर्वी पाण्यात घटिकापात्र सोडत, ते बुडालं की तास ठोकून मुहूर्त जाहीर करत. तसा या लग्नात मुहूर्ताला आपण गाँगचा ठोका देणार. एकच. तो पुरता विरेपर्यंत बेंजो, सनई, काहीही वाजणार नाही. हे मान्य असेल तरच आपण लग्नाला उभे राहू.

श्रियाने मान खाली घातली. दगडू मात्र लगेच म्हणाले, "तुमची पोर, तुमचा ठोका, मोघेसाहेब. आमची पोरं हूं का चूं करनार नाय. फक्त एक दिस येऊन त्यांना ऐकवा, म्हंजे त्यांना कळंल ठोका कंचा ते."

"त्यात ऐकवायचं काय?" मोघे म्हणाले. "गाँग वाजला की कळेल. बहिऱ्यालासुद्धा कळेल."

आधी जागं करण्याबद्दल ते बोलले नाहीत. बेंजोवाल्यापुढे ते बोलायचं, म्हणजे नेम मोडला असता.

या एका ठोक्यावर मोघ्यांनी फार काही टाकलं होतं. त्यांना मनापासून वाटत होतं की तो ठोका ऐकल्यावर आपण कुठल्या घरातून कुठल्या घरात चाललो आहोत हे श्रियाला लख्ख कळेल, आणि बाप चुकत नव्हता हे निदान त्या क्षणी तरी ती मान्य करेल. श्रियाला धास्ती होती ती वेगळीच. ती आईला म्हणाली की बाबा येणार ते राग धरून येणार, आणि तो राग त्या गाँगवर काढणार. सगळ्या हॉलसमोर तो दणका आपल्याला सोसवणार नाही. हेमाबाईंनी तिची समजूत काढली, पण त्यांनाही तेच वाटत होतं.

हळदीला विठ्ठलवाडीला या, थोडा वेळ तरी या, असं श्रियाने वडिलांना एकदाच विचारलं. मला कान आहेत, असं ते म्हणाले. तिने पुन्हा विचारलं नाही. हेमाबाई गेल्या, आणि घसा बसवून, कोपरापर्यंत पिवळ्या होऊन परत आल्या. त्या नाचल्याही होत्या, हे मोघ्यांनी त्यांच्या चालण्यावरूनच ओळखलं आणि कूस बदलली.

लग्न कल्याणच्या एका हॉलमध्ये होतं. मोघ्यांनी पहाटेच जाऊन मंचाच्या डाव्या अंगाला गाँगची चौकट स्वतः उभी केली, कुणाला हात लावू दिला नाही. घड्याळ रेडिओवर लावून घेतलं. समोरच्या कोपऱ्यात दगडूंची पार्टी बसली होती, आणि कधी नव्हे ती चिडीचूप. दगडू मध्येच येऊन चौकटीजवळ एक माईक लावून गेले, पाठीमागच्या पाहुण्यांनाही ऐकू जावं म्हणून. मोघ्यांनी त्या माईककडे ताटात पडलेल्या माशीकडे पाहावं तसं पाहिलं. या गाँगला माईक लावायचा, म्हणजे अकलेचं दिवाळं. पण हे समजावून सांगायचं कुणाला? राहू दे, म्हणून त्यांनी पाठ फिरवली.

अंतरपाट धरला गेला. त्याचं एक टोक गुरुजींकडे होतं आणि दुसरं हेमाबाईंचा भाऊ विनीत याच्याकडे. मंगलाष्टकं सुरू झाली. हेमाबाईंच्या मैत्रिणींनी स्वतः रचलेली ती कडवी ऐकून मोघ्यांनी डोळे मिटून घेतले, आणि मिटलेले बरे म्हणून मिटलेलेच ठेवले. मुहूर्ताला अजून अवकाश होता. त्यांनी सोटा उचलला आणि कडेकडेने गाँगला जागं करायला घेतलं.

त्यांचा हात मात्र खरंच हलका होता. एरवी या माणसाच्या कुठल्याही वागण्यात जो हळुवारपणा कधी दिसला नाही, तो सगळा त्या मनगटात साठलेला होता. दूध उतू जायच्या आधी पातेल्यात नुसतं हलतं, तसा तो धातू आतून हलू लागला. त्यांना तो कानांपेक्षा बोटांना जास्त कळत होता. पण पलीकडे माईक होता. हॉलच्या चारी भिंतींवरच्या स्पीकरमधून एक खोल, मऊ घुमारा निघाला आणि हळूहळू चढत गेला. मंगलाष्टक म्हणणाऱ्या बाई कडव्याच्या मध्येच थांबल्या. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ठोका पडला की अक्षता टाकायच्या, एवढंच सगळ्यांना सांगितलं होतं, आणि गाँग तर वाजत होता. हा गाँगचा ठोका नव्हे, हे त्या हॉलमध्ये एकाच माणसाला माहीत होतं आणि त्याने डोळे मिटले होते.

मागच्या रांगेतून पहिली मूठ आली, मग सगळ्यांच्याच. गुरुजी घड्याळाकडे बघत हात वर करून थांबा, थांबा म्हणत होते, पण अक्षतांच्या पावसात त्यांचा हात दिसतो कुणाला. विनीतने अंतरपाट सोडला. श्रियाने रतनच्या गळ्यात हार घातला, रतनने तिच्या. कपाळावर तांदळाचे दाणे आपटले तेव्हा कुठे मोघ्यांनी डोळे उघडले, आणि त्यांचा हात थांबला.

त्यानंतर जे झालं ते मोघ्यांना आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. दगडूंनी हात वर धरून आपल्या पार्टीला रोखलं होतं, ठरल्याप्रमाणे. एवढा भरलेला हॉल, लेकराबाळांसकट, त्या घुमाऱ्याकडे कान देऊन उभा राहिला आणि तो पार विरून जाईपर्यंत कुणी हललं नाही. असे श्रोते मिळावेत म्हणून हा माणूस उभा जन्म कुढला होता. ते मिळाले, आणि तो त्यांच्याकडे संतापाने बघत राहिला. मग दगडूंनी हात खाली केला आणि बेंजो सुटला.

श्रिया हार सावरत मंचावरून थेट वडिलांकडे आली. तिचे डोळे भरलेले होते. आवाजाच्या त्या कल्लोळात ती त्यांच्या कानाशी वाकली.

"मला वाटलेलं तुम्ही दणका द्याल, बाबा. सगळा राग काढाल. इतकं हळू वाजवलंत… मला वाटलं डोक्यावरून हात फिरवताय."

आता इथे दुसरा कुणीही बाप असता, अगदी एखादा सपाट साडूसुद्धा, तर त्याने लेकीला जवळ घेतलं असतं आणि तोंड बंद ठेवलं असतं. त्यासाठी काही करावं लागणार नव्हतं, फक्त काही न करता राहायचं होतं. पण आयुष्यभर ज्याने दुसऱ्याची चूक पदरात घातल्याशिवाय घास गिळला नाही, त्याला ते कसं जमावं?

"तो ठोका नव्हता," मोघे म्हणाले. "ती नुसती तयारी होती. मुहूर्त अजून व्हायचाय. तुझ्या सासरच्यांचं सोड, पण तुलाही एवढं कळू नये?"

श्रियाने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. बरं होण्यासारखं आहे की नाही हे ती इस्पितळात रोग्याचा सांधा हलवून बघत असे, तसं काहीसं.

"म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतं."

"कसं असेल? तो आवाजच नव्हे."

"बरं," ती म्हणाली. तिने हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले, हार नीट केला आणि रतनकडे गेली. दगडूंची बहीण तिथे उभी होती, तिने श्रियाचे दोन्ही हात धरून तिला पार्टीसमोर नेलं. रतनने काहीतरी विचारलं, त्यावर श्रियाने मान हलवली. मग तीही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागली.

मोघे तिथेच उभे राहिले. आपण बरोबर होतो याची त्यांनी मनाशी पुन्हा एकदा उजळणी केली, आणि ते बरोबरच होते. गुरुजी त्यांच्याजवळ येऊन, शुभस्य शीघ्रम्, जे झालं ते उत्तमच झालं, असं सांगून जेवायला गेले. मोघ्यांनी घड्याळ पाहिलं. मुहूर्त जवळ आला होता, खरा, पंचांगातला. मंचावर आता तुडवलेल्या अक्षता होत्या आणि रिकामे पाट होते. माईक कुणीतरी काढून गाणाऱ्याच्या हातात दिला होता.

तरी त्यांनी सोटा उचलला. नियम तो नियम. कडेकडेने गाँगला पुन्हा जागं केलं, बोटांना धातूची थरथर लागेपर्यंत. काटा मुहूर्तावर आला तसा त्यांनी हात मागे घेतला आणि ठोका दिला. जागा बिनचूक होती, जोरही हवा तेवढाच होता. असा ठोका त्यांच्या हातून पूर्वी कधी पडला नसेल. त्यांनी कान टवकारले. बेंजोवर कुठलंसं गाणं जोरात होतं, ढोलकी फुटायला आली होती आणि अख्खा हॉल नाचत होता. मोघ्यांनी कान गाँगच्या अगदी जवळ नेला. समोर चकती हलताना दिसत होती, एवढंच.

अक्षतांचं रिकामं ताट घेऊन हेमाबाई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. बसलेल्या घशाने त्यांनी मोठ्याने विचारलं,

"वाजला का?"

त्र्यंबकराव श्रियाकडे बघत होते. ती पाठमोरी होती, नाचणाऱ्यांच्या मधोमध, आणि वळून बघण्याचं तिला काही कारण नव्हतं.

"माहीत नाही," ते म्हणाले.